कसब घेऊन कसब्याकडे

शहरातले भाडे परवडत नाही, तेव्हा दूरच्या एखाद्या लहान गावी जाऊन दुकान मांडावे काय, असा प्रश्न आमच्या कारागीर बांधवांकडून अलीकडे वारंवार विचारला जातो. यावर आजवर आम्ही तोंडी सल्ला देत आलो. परंतु ताथवड्यात नुकतीच आमच्या डोळ्यांदेखत अशी एक बैठक झाली की, तिची हकीकत सर्व वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

ताथवडे हे पवनेकाठच्या पट्ट्यातले शेतीचे गाव. नरसिंहाचे देऊळ आणि पशुसंवर्धन खात्याचे वळूंचे केंद्र यांसाठी पूर्वी ते ओळखले जाई. शेजारी हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या, गावातून महामार्ग गेला, महाविद्यालये उभी राहिली आणि २००९ साली गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत घेतले गेले. जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्या मोकळ्या जागांवर पत्र्याच्या शेडमध्ये सुतार, वेल्डर, भंगारवाले आणि गॅरेजवाले यांनी पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे धंदा केला, तेथे आता उंच इमारती उठत आहेत.

आमचे एक स्नेही येथेच फॅब्रिकेशनचे काम करतात. गेट, ग्रील, जिने, पत्र्याच्या शेड ही त्यांची कामे. सर्वजण त्यांना मिस्त्री म्हणतात. जागामालकाने सहा महिन्यांत शेड रिकामी करण्यास सांगितले आहे. नवीन जागेचे भाडे दुप्पट आणि अनामत वेगळी. त्यांच्याकडे बारा वर्षे काम करणारा एक कारागीर पश्चिम उत्तर प्रदेशातला आहे. तो म्हणतो, ‘‘उस्ताद, आमच्या कसब्यात चला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आहेत, ट्यूबवेलची कामे आहेत, घरोघर लोखंडी दरवाजे लागतात. इथे द्याल तेवढ्या भाड्यात तिथे दुकान आणि घर दोन्ही होईल.’’ मिस्त्रींचे मन डळमळले. घरच्यांचे मन मात्र तयार नव्हते. धाकटी मुलगी दहावीत, आई थकलेली आणि जायचे कुठे, तर जिथली भाषा टी.व्ही.वर ऐकलेली तेवढीच.

हा विचार चालू असतानाच एक गृहस्थ ताथवड्यात आले. त्यांचा मुलगा येथल्या महाविद्यालयात शिकतो आणि त्याच्यासाठी खोली पाहायची होती. मूळचे सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले आणि गेली तीस वर्षे उत्तर प्रदेशातल्या एका लहान कसब्यात गलाईचे दुकान चालवणारे. तेथे त्यांना ‘मराठा सेठ’ म्हणतात. मिस्त्रींच्या शेडमध्ये चहा घेता घेता ते जे बोलले, त्यात आमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर होते.

दुष्काळाने दाखवलेली वाट

गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील खटाव-माण हा सारा भाग कमी पावसाचा. शेतीवर पोट भरेना, तेव्हा येथील शेतकऱ्यांची मुले घराबाहेर पडली. १९७२च्या दुष्काळाच्या पुष्कळ आधी ही वाट पडली होती. त्या दुष्काळानंतर ती अधिकच रुळली. आज केरळपासून पंजाबपर्यंत आणि बंगालपर्यंत, जेथे सराफ बाजार आहे तेथे विटा परिसरातला गलाईवाला सापडतो. मोठ्या शहरांतच नव्हे, तर नकाशात शोधावे लागेल अशा गावांतही त्यांची दुकाने आहेत.

मराठी माणूस उत्तरेच्या मैदानातल्या लहान गावी जाऊन राहिला, याचे जुने उदाहरण ब्रह्मावर्ताचे. १८१८ साली राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव पेशवे कानपूरजवळ बिठूर येथे, म्हणजे ब्रह्मावर्तास, जाऊन राहिले. इंग्रजांकडून वर्षाला आठ लाख रुपये मिळत. त्या आधारावर शेकडो कुटुंबे तिथे वसली. १८५१ साली बाजीराव वारले आणि इंग्रजांनी ती रक्कम दत्तकपुत्राला देण्याचे नाकारले. ज्यांचे पोट त्या नेमणुकीवर होते, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. गलाईवाले गेले तेव्हा त्यांच्यापाशी अशी कोणतीच नेमणूक नव्हती. हातात कसब होते एवढेच. परंतु ते कोणी बंद करू शकत नव्हते.

भांडवल थोडे, भरवसा मोठा

गलाईच्या कामाला सामान फार लागत नाही. भट्टी, भाता किंवा ब्लोअर, मुशी, चिमटे, टाकणखार, तेजाब आणि तराजू. सराफाकडे मोडीत आलेले दागिने, तुटलेल्या साखळ्या, दुकानातला कचरा गलाईवाल्याकडे येतो. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी सुमारे ९६२ अंशांना. सोन्यातली चांदी-तांबे वेगळे काढायचे तर आधी त्यात आणखी चांदी मिसळून सोन्याचे प्रमाण साधारण चौथाईवर आणतात. मग ती मिश्र धातू नायट्रिक आम्लात टाकली की चांदी व तांबे विरघळतात आणि सोने तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी राहते. ती भुकटी धुऊन टाकणखाराबरोबर पुन्हा वितळवली की शुद्ध सोने. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याची पट्टी ठेवली की चांदी पुन्हा बाहेर पडते.

हे तंत्र कोणालाही शिकता येईल. अवघड गोष्ट दुसरीच आहे. सराफ आपले लाखांचे सोने एका परगावच्या माणसाच्या हाती देतो आणि तो ते आगीत टाकतो. परत किती मिळणार, हे त्या माणसाच्या शब्दावर. मराठा सेठ म्हणाले, ‘‘मिस्त्री, पहिली दोन वर्सं मी काय कमावलं नाय. गुंजभर घट आली तरी खिशातनं भरून दिली. तिसऱ्या वर्साला सराफ मोजायचं बंद झालं.’’

लहान गावाचा हा गुण आणि हाच अवगुण. शहरात एक गिऱ्हाईक तुटले तर दुसरे मिळते. कसब्यात एकाचे काम बिघडले तर संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजाराला कळते. तसेच एकाचे काम चोख झाले तर जाहिरातीला पैसा लागत नाही.

एकटा गेलेला टिकत नाही

आमच्या बांधवांनी ध्यानात घ्यावी अशी पहिली गोष्ट म्हणजे गलाईवाले नव्या गावी कधीच हवेत गेले नाहीत. भावकीतला एक माणूस आधी कोठे तरी बसलेला असतो. तो गावाकडून पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बोलावून घेतो. मुलगा दुकानात राहतो, भट्टी पेटवतो, काम शिकतो आणि स्थानिक भाषाही शिकतो. काही वर्षांनी त्याला वेगळे दुकान काढून दिले जाते, पण त्याच बाजारात नव्हे. पुढच्या कसब्यात. त्यामुळे आपसात स्पर्धा होत नाही, आणि अडचणीला एक दिवसाच्या अंतरावर आपला माणूस असतो.

दुसरी गोष्ट. तेथे आधीपासून असलेल्या कारागिरांशी त्यांनी वैर धरले नाही. उत्तरेकडे सराफाच्या दुकानातील धूळ धुऊन त्यातले सोने काढणारे न्यारिये पूर्वापार आहेत आणि त्यांत मुसलमान कारागीरही आहेत. मराठा सेठ त्या कसब्यात आले तेव्हा एका वृद्ध न्यारियाला वाटले की आपली रोजी गेली. सेठने त्यांच्याकडे जाऊन सांगितले, ‘‘धूळ तुमची, मूस माझी.’’ झाडलोटीचा सारा माल त्या वृद्धाकडे जाऊ लागला आणि त्यांनी धुऊन काढलेला दाणा गाळायला सेठकडे येऊ लागला. पुढे दुकानाची जागाही त्याच गृहस्थांच्या नात्यातल्या एकाने भाड्याने दिली. आज ते गृहस्थ हयात नाहीत. त्यांचा नातू आणि सेठ यांचा व्यवहार चालू आहे. मिस्त्रींनी हे ऐकले आणि पहिला प्रश्न त्यांनी आपल्या कारागिराला केला, ‘‘तुमच्या कसब्यात आधीचे लोहार किती आहेत रे?’’ प्रश्न अगदी नेमका होता.

हंगामाचा हिशेब

ताथवड्यात काम केले की बिल्डर पैसे उशिरा का होईना, पण वर्षभर देत असतो. कसब्यातला पैसा पिकाबरोबर येतो. गव्हाची कापणी मार्च-एप्रिलात, उसाचे पैसे कारखाना देईल तेव्हा आणि लग्नसराईत (जिला तिकडे सहालग म्हणतात) बाजारात एकदम उठाव. मधल्या महिन्यांत उधारी. शेतकरी बुडवणारा नसतो, परंतु त्याच्या हाती पैसा आल्याशिवाय तो देणार कोठून?

आम्ही त्याच बैठकीत कागदावर एक हिशेब मांडला. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, कसब्यात गेल्याने महिन्याला १५,००० रुपये भाडे वाचले. परंतु सहा महिने ४ लाख रुपये उधारीत अडकले आणि ते वर्षाला १२ टक्के व्याजाने उचललेले असले, तर व्याज सहा महिन्यांचे २४,००० म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. वीज गेली की वेल्डिंगसाठी जनरेटर. डिझेलचे ५,००० धरा. येण्याजाण्याचा व दोन घरे चालवण्याचा खर्च सरासरी ४,०००. पंधरा हजारांतून तेरा हजार असे गेले. राहिले दोन हजार. त्यातही मजुरीचा दर कसब्यात शहराइतका मिळणार नाही. म्हणजे केवळ भाडे वाचते म्हणून जाणारा माणूस फसतो. काम जास्त मिळणार असेल, स्वतःची जागा होणार असेल, तरच जाण्यात अर्थ आहे.

मिस्त्रींनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

धोके सांगितलेले बरे

मराठा सेठांनी धंद्याची काळी बाजूही लपवली नाही. गलाईत तेजाबाचा लालसर-तपकिरी धूर निघतो. तो छातीला घातक असतो आणि त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी उठतो. बंद खोलीत, धुराडे नसताना वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांचे खोकले त्यांनी पाहिले आहेत. आमच्या वेल्डर बांधवांनीही हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. शेड लहान आणि गाव लहान म्हणून चष्मा, हातमोजे आणि हवा यांत काटकसर करू नये. तेथे मोठा दवाखाना तालुक्याला किंवा जिल्ह्याला असतो.

दुसरा धोका कायद्याचा. सुवर्ण नियंत्रणाचे नियम १९६३ साली आले, १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द झाला. त्या काळात सोने बाळगणे व गाळणे यांवर कडक बंधने होती. तो कायदा गेला तरी चोरीचा माल घेतल्याचा आरोप गलाईवाल्यावर केव्हाही येऊ शकतो. गाळलेल्या सोन्यावर मालकाचे नाव नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा कलम ३१७ खाली गुन्हा आहे. परगावचा माणूस अशा वेळी प्रथम संशयात सापडतो. म्हणून सेठ अनोळखी माणसाचा माल घेतच नाहीत. ओळखीच्या सराफाचा घेतला तरी वजन, तारीख आणि सही वहीत. ही वही त्यांनी तीस वर्षे जपली आहे आणि एकदा तिनेच त्यांना वाचवले. भंगार, जुने लोखंड, वापरलेले सुटे भाग घेणाऱ्या आमच्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

तिसरा धोका बदलत्या काळाचा. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, पुढे जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय दुकानदाराला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. टंच काढायला यंत्रे आली. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सोने ओळखणाऱ्या डोळ्यांची किंमत कमी झाली. मोठ्या रिफायनऱ्या माल थेट उचलतात. सेठ म्हणाले, ‘‘माझ्या पोराला मी भट्टीवर बशिवला नाय. त्यो इंजिनिअर हुईल. माझ्या मागं त्या दुकानाला कुलूप.’’

गाव सुटते तेव्हा

हे बोलताना त्यांचा आवाज खाली आला. त्यांची मुले हिंदी बोलतात. आजीशी बोलायला शब्द शोधतात. गावचे घर वर्षातले अकरा महिने बंद असते. झेलम एक्स्प्रेसने पुण्याला उतरायचे, विट्याची गाडी धरायची, जत्रा आणि एखादे लग्न उरकायचे आणि परतायचे. आई वारली तेव्हा ते पोचले ते तिसऱ्या दिवशी.

आणखी एक गोष्ट घडली. टेंभू योजनेचे पाणी त्यांच्या भागात आले. जेथे कुसळे उगवत तेथे आता द्राक्षे आणि डाळिंबे आहेत. गावी राहिलेल्या धाकट्या भावाची बाग आहे. सेठ म्हणाले, ‘‘तवा पाणी असतं तर मी गेलो नसतो. पर तवा नव्हतं. त्याला काय विलाज?’’

आम्हाला हे वाक्य महत्त्वाचे वाटते. जाणे चूक की बरोबर याचा निकाल त्या वेळच्या परिस्थितीवर होतो. पण एकदा गेल्यावर परतीची वाट राखून ठेवणे आपल्या हाती असते. सेठांनी गावची जमीन विकली नाही. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि बाजार बंद झाला, तेव्हा गावाकडून भावाने पैसे पाठवले. त्याच वेळी ताथवड्यात मिस्त्रींच्या शेडमधले कारागीर मे महिन्यातल्या श्रमिक गाड्यांनी आपापल्या कसब्यांकडे गेले होते आणि मिस्त्री एकटेच कुलूप उघडून बसत. दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट दिसते. मागे आपले म्हणावे असे काही असेल, तरच माणूस वाईट दिवस काढू शकतो.

जाणाऱ्यांनी काय करावे

त्या बैठकीतून आणि आमच्या अनुभवातून काही गोष्टी निघतात त्या अशा :

१. कुटुंब हलवण्यापूर्वी स्वतः एक पूर्ण हंगाम, निदान तीन-चार महिने, तेथे राहून काम करून पाहावे. लग्नसराईतली गर्दी पाहून निर्णय करू नये. पावसाळ्यातला बाजारही पाहावा.

२. येथले दुकान एकदम मोडू नये. एखादे यंत्र आणि एक कारागीर येथे राहू द्यावा.

३. भागीदारी कितीही घरोब्याची असो, ती कागदावर असावी. यंत्र कोणाचे, उधारी कोण वसूल करणार, तोटा कसा वाटायचा, हे आधी लिहावे. दुकानाचा भाडेकरार लेखी व नोंदवलेला असावा.

४. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते. महाराष्ट्राची नोंदणी उत्तर प्रदेशात चालत नाही. तेथे वेगळी घ्यावी लागते. उद्यम नोंदणीत नवा पत्ता घालून घ्यावा.

५. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, सोनार, शिंपी, कुलूप बनवणारे आदी १८ कामे आहेत. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी तिची चौकशी करावी.

६. त्या जिल्ह्याचे पूर्वापार काम कोणते, हे पाहावे. मुरादाबादला पितळ, सहारनपूरला लाकूड, अलीगढला कुलपे, फिरोजाबादला काच, खुर्जाला चिनी मातीची भांडी. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ साली ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजना सुरू केली ती याच कामांसाठी. ज्या कामात तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर बसले आहेत, त्यात नवख्याने उडी घेऊ नये. त्यांना लागणारी वस्तू किंवा दुरुस्ती पुरवावी.

७. वही लिहावी. रोज.

असो. मिस्त्रींचे काय ठरले, असे वाचक विचारतील. त्यांनी शेड सोडली आहे, पण ताथवडे पूर्णपणे सोडलेले नाही. मारुंजीच्या बाजूला निम्म्या आकाराची जागा घेऊन मोठा मुलगा तेथे बसतो. मुलीची दहावी होईपर्यंत घर हलणार नाही, असा शब्द त्यांनी घरात दिला आहे. स्वतः मिस्त्री एक वेल्डिंग मशीन आणि एक कटर घेऊन त्या कारागिराबरोबर एका हंगामापुरते कसब्यात जाण्यास निघाले आहेत. भागीचा कागद आम्हीच लिहून दिला.

निघण्याच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले. आम्ही विचारले, सर्व घेतले ना? त्यांनी पिशवीतून एक नवी कोरी लाल वही काढून दाखवली.